टेकाडावरच्या तेरा घसरगाड्या

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, खास हेलिकॉप्टरनं आलेले आदरणीय कर्नल द्रोझदोव साहेब. आपल्या पाइसाले गावच्या प्रमुख तायसिया इलिनिच्ना. ज्यांच्यासाठी आपण सगळे आंघोळ करून आलोय ते सत्कारमूर्ती, लष्करी तळाचे मेजर रोदिओन झाखारोविच ल्यापुनोव. त्यांच्या जागी मंगळवारी आलेले नवे मेजर तुर्चिन साहेब. पहिल्या रांगेतल्या, केसाळ कोट न काढता बसलेल्या पेलागेया आजी. तळावरचे जवान, रेनडिअरच्या कळपांवरची मंडळी, आणि मागे दाराशी उभे असलेले, ज्यांचं लक्ष फक्त जेवणाच्या टेबलाकडे आहे असे माझे मित्रहो...

सगळ्यांना नमस्कार.

आता तुम्ही म्हणाल, हा यफीम कुठनं आला माइकवर? बरोबर आहे. खरं तर आमच्या शाळेच्या बाई बोलणार होत्या. पण त्यांचा घसा बसला. सकाळी तायसिया काकूंनी मला धरलं. म्हणाल्या, "तू दिवसभर बडबडतोस, आज कामाची बडबड कर." आणि हे चार कागद हातात दिले. छान लिहिलंय हो. पहिल्याच ओळीत 'उत्तुंग' आहे, दुसरीत 'देदीप्यमान' आहे. पण मी आठवीतनं शाळा सोडली. सोडली म्हणजे, वसतिगृहाच्या खिडकीतनं गेलो. देदीप्यमान म्हणताना माझी कवळी पडेल, आणि मला कवळी नाहीये. म्हणून काकू, हे कागद मी खिशात ठेवतो. रागावू नका. उद्या भिंतीवर लावू.

ज्यांना मी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मी तळावर पाण्याचा टँकर चालवतो. तळ्यातनं पाणी भरायचं, स्वयंपाकघरात, दवाखान्यात, स्नानगृहात ओतायचं. मला गुपितं कळत नाहीत, पण पाणी कुठं जास्त लागतं ते कळतं. आणि पाणी जास्त लागलं की माणसं वाढली हे कळायला आठवी पुरते.

मंडळी, आठवतंय का, सात वर्षांपूर्वी आपल्या समुद्रकाठच्या टोकावर काय होतं? हवामानाचं एक केंद्र होतं, एक झेंडा होता आणि एक कुत्रा होता. कुत्रा झेंड्याची राखण करायचा. मग एका उन्हाळ्यात जहाजं लागली. सिमेंट आलं, क्रेन आल्या, धावपट्टी झाली, गोल टोपीवालं रडार झालं, सहाशे जवान आले. आजींनी तेव्हा विचारलं होतं, "कोण येणार आहे रे इतक्या थंडीत आपल्यावर?" तेव्हाच्या साहेबांनी सांगितलं, "आजी, कोणी येऊ नये म्हणूनच आम्ही आलोय." आजी म्हणाल्या, "कोणी येत नव्हतंच. तुम्ही आलात."

हसा, हसा. कर्नलसाहेबसुद्धा हसतायत. पण खरं सांगायचं तर चांगलंही झालं. पूर्वी बाळंतीण अडली की हवामानाच्या हातापाया पडायचं. आता आजींच्या सूनबाईला तळाच्या विमानानं नेलं, आणि तो पोरगा बघा तिकडे, टेबलाखाली बसून मासा खातोय. दुकानात टोमॅटो आले. काहींनी ते पहिल्यांदाच पाहिले. नावं कशाला घ्यायची? मीच. हां, विमान उतरलं की कळप बिथरतो, ते आहेच. अर्धा दिवस रेनडिअर गोळा करत फिरायचं, तेव्हा तोंडातनं जे शब्द निघतात ते भाषणात बसत नाहीत.

अशा वेळी ल्यापुनोव साहेब आले. सहा वर्षं झाली. आल्या आल्या त्यांच्यावर वरून हुकूम आला: ध्रुवप्रदेश स्वच्छ करा. आता यात वाईट काय? आमच्या टुंड्रात जुन्या काळातली गंजकी पिंपं पडली होती, हजारोंनी. जवानांनी उन्हाळाभर डासांशी लढत ती उचलली. या हॉलसमोर जे मैदान आहे ना, तिथं पिंपांचा डोंगर होता. टाळ्या वाजवा त्यांच्यासाठी. मनापासून सांगतो. आमच्या बापाच्यानं झालं नसतं.

पण पिंपं उचलता उचलता ती मुलं पोचली टेकाडावर.

नव्या मेजरसाहेबांसाठी सांगतो, बाकीच्यांनी तेवढ्यात चहा प्यावा. आमच्याकडे वसंतात कळप उत्तरेला समुद्राकडे निघतो. उन्हाळ्यात हिवाळ्याचं ओझं कोण वाहणार? म्हणून जाड कातडी, तंबूची हिवाळी पांघरुणं, पोरांचे केसाळ बूट, सगळं रेनडिअर ओढतात त्या लाकडी घसरगाड्यांवर बांधायचं आणि टेकाडावर ठेवून द्यायचं. कुलूप नाही, पहारा नाही. शरदात परत येताना उचलायचं. मधे कोणी वाटसरू गेला, त्याला वारा लागला, तर गाडीच्या आडोशाला बसेल, दोरीला हात लावणार नाही. शेकडो वर्षांची पद्धत आहे. आम्हाला कधी वाटलंच नाही की हे कोणाला सांगावं लागेल. पाणी ओलं असतं हे कोणी सांगतं का?

तर जवानांना दिसलं काय? निर्जन टेकाड. तेरा जुन्या लाकडी घसरगाड्या. वर काळपट ताडपत्र्या. चाळीस किलोमीटरात माणूस नाही. बिचाऱ्यांनी उचलल्या! ट्रकमध्ये घातल्या, धक्क्यावर नेऊन रचल्या. माझ्या मते हिशोब साधा होता: जवळ माणूस नाही म्हणजे मालक नाही.

शरदात पेलागेया आजी आल्या, मुलगा प्रोकोपी आला, मागे अख्खा कळप. टेकाड रिकामं. बर्फ पडायला लागलं होतं. आजी टेकाडाला तीनदा फेरी मारून आल्या, जणू गाड्या मागच्या बाजूला लपल्यात.

त्या तेरांत एक गाडी देवांची होती. घरातले देव. आजींच्या सासूच्या सासूपासूनचे.

प्रोकोपी तळाच्या फाटकावर गेला. तिथं पहाऱ्यावर एक नवीन मुलगा होता. तो म्हणाला, "गाड्यांचे कागद आणा." प्रोकोपी म्हणाला, "घसरगाडीला कसले कागद?" तो म्हणाला, "मालकीचे." प्रोकोपी म्हणाला, "मालक मी आहे, समोर उभा आहे." तो म्हणाला, "मालक असता तर तिथं जवळ असता ना!" आणि बोटानं फाटकावरची पाटी दाखवली. ती पाटी मी रोज टँकरमधनं वाचायचो, म्हणून मला तोंडपाठ आहे: 'टुंड्रात सापडलेली बेवारस लाकडी वाहने, नग तेरा. आसपास माणूस आढळला नाही. शनिवारी स्नानगृहासाठी जाळण्यात येतील.'

त्या दिवशी होता मंगळवार.

तायसिया काकूंनी तातडीनं पत्र लिहिलं. उत्तर आलं, तीस दिवसांत कळवू. काकू, तुम्हाला आठवतंय, तुम्ही ते उत्तर वाचून काय म्हणाला होतात? नको, राहू दे, माइक चालू आहे.

मी प्रोकोपीकडे गेलो तर तो कळप मोजत बसलेला. म्हणाला, "यफीम, पांघरुणं नसतील तर पोरांना घेऊन हिवाळा काढता येणार नाही. गावातल्या ब्लॉकमध्ये जागा आहे म्हणतात. रेनडिअर विकून टाकू." इतकं साधं म्हणाला, जणू चहा संपलाय. आणि आजी काही बोलतच नव्हत्या. आजी गप्प म्हणजे काय, हे तुम्हाला माहीत आहे. आजी झोपेतसुद्धा टोमणे मारतात.

आता इथून पुढचं कर्नलसाहेब, तुम्ही ऐकलं नाही असं समजा. हवं तर बाहेर धावपट्टीचा व्यास बघून या. धावपट्टीला व्यास नसतो? तेच म्हणतोय, वेळ लागेल.

ल्यापुनोव साहेबांना मासेमारीचं वेड. गुरुवारी दुपारी ते लांबच्या तळ्यावर गेले. बर्फाला भोक पाडून, वाऱ्याकडे पाठ करून, कानटोपीचे कान खाली बांधून बसले. आणि त्यांची नवी कोरी बर्फावरची मोटरसायकल, तीच हो, पिवळी, ती उभी दोनशे पावलांवर. एकटी. आसपास माणूस आढळला नाही.

इंजिन सुरू केलं असतं तर आवाज झाला असता. म्हणून मी आणि प्रोकोपीनं ती रेटून एका मोठ्या सपाट घसरगाडीवर चढवली, पुढे आठ रेनडिअर जुंपले आणि निघालो. रेनडिअर चालताना आवाज होतो तो फक्त खुरांचा, टिकटिक, टिकटिक, घड्याळासारखा. साहेबांनी एकदा मान वळवली. आम्ही रेनडिअरांमागे वाकलो. पण त्यांना मासा लागला होता. देव आमच्या बाजूनं होते, आणि देव स्वतःच धक्क्यावर अडकले होते, म्हणजे त्यांचाही स्वार्थ होताच.

सहा किलोमीटरवर आजींचा तंबू. मोटरसायकल बाहेर उभी केली, ताडपत्री घातली, दोरी बांधली, आणि वर एक कागद: 'बेवारस लोखंडी वाहन, नग एक. आसपास माणूस आढळला नाही. शनिवारी जाळण्यात येईल.' अक्षर माझं. म्हणून 'लोखंडी'त एक चूक होती.

आजी बाहेर आल्या. मला वाटलं पाठ थोपटतील. त्यांनी रेनडिअर हाकायची काठी घेतली आणि माझ्या पाठीत घातली. "गाढवा! मालक दिसत होता ना तुला?" म्हटलं, "पाठ दिसत होती." "मग ही चोरी झाली. त्यांना आम्ही दिसलो नाही, ती चूक आहे. तुला तो दिसला, तरी आणलीस. चूक आणि चोरी एका दोरीत बांधतोस?" म्हटलं, "परत नेऊन ठेवू का?" तर म्हणाल्या, "आता राहू दे. तो चालत येतोय."

खरंच, लांबनं एक ठिपका चाकोरीवरून येत होता. रागानं चालणारा माणूस लांबूनही ओळखू येतो. मी तंबूच्या पडद्यामागे गेलो, कातड्यांच्या ढिगात.

साहेब आत आले. मिश्या पांढऱ्या, भुवया पांढऱ्या. "आजी, बाहेर ती गाडी..."

"आधी बर्फ झाड. बूट झाड. बस."

"मी विचारतोय..."

"आधी खा. उपाशी माणसाचं बोलणं कडू लागतं."

आमच्याकडे पाहुण्याला खाऊ घातल्याशिवाय विषय काढत नाहीत, हे साहेबांना तेव्हा माहीत नव्हतं. आजींनी गोठलेला मासा पातळ सोलून दिला, रस्सा दिला, एक कप चहा, दुसरा कप, तिसरा कप. मी मागे कातड्यांत घामाघूम. शेवटी साहेबांनी कप ठेवला.

"आजी, बाहेरची मोटरसायकल माझी आहे."

"तुझी? कागद आहेत?"

"ऑफिसात आहेत!"

"मालक असतास तर जवळ असतास ना रे."

"मी तिथंच होतो! दोनशे पावलांवर मासे धरत होतो!"

"मीही तिथंच होते," आजी म्हणाल्या. "माझ्या तेरा गाड्या टेकाडावर, आणि मी दोनशे किलोमीटरवर रेनडिअर चारत होते. लांब कुठलं आणि जवळ कुठलं, ते तुझ्या पावलांनी मोजायचं का?"

साहेबांनी विचारलं, "कुठल्या गाड्या?" त्यांना माहीतच नव्हतं हो! दिवसाला साठ कागदांवर सही करणारा माणूस, त्यातला एक कागद तेरा गाड्यांचा. आजींनी सांगायला सुरुवात केली. पहिल्या गाडीत काय, दुसरीत काय, कुठला बूट कुठल्या नातवाचा. आवाज चढवला नाही. देवांच्या गाडीशी आल्यावर म्हणाल्या, "त्यांना मी वसंतात सांगून गेले होते, पानं पिवळी झाली की येते म्हणून. आता ते काय म्हणत असतील?"

साहेबांनी कप उलटा ठेवला. म्हणजे पुरे. हे मात्र त्यांनी बरोबर केलं, न शिकवता.

शुक्रवारी, दिवसाढवळ्या, दोन ट्रक टेकाडावर आले. सगळ्यात पुढच्या ट्रकात साहेब स्वतः. तेराच्या तेरा गाड्या, एक दोरी न सोडलेली. आणि साहेबांनी त्या उतरवल्या कशा? उंचीप्रमाणे! सरळ एका रांगेत, दोघींत दोन-दोन पावलांचं अंतर, दोरी लावून मोजून. आणि देवांची गाडी मधोमध, मानाची जागा म्हणून, रडारकडे तोंड करून. आजींनी तोंडावर हात ठेवला. प्रोकोपी म्हणाला, "साहेब, आता त्यांना विश्राम म्हणा, बिचाऱ्या कधीच्या सावधान उभ्या आहेत." त्यावर आजी जे हसल्या! चार दिवसांचं साठलेलं हसू. बर्फात बसूनच हसल्या. मग साहेबांना हाताला धरून एकेक गाडी कशी लावायची, देवांची कुठं, कुणी तिच्या पुढून जायचं नाही, सगळं दाखवलं. साहेबांनी वहीत आकृती काढली. ती आकृती आजही तळावरच्या वर्गात लावलेली आहे. नवीन जवान आला की पहिल्या दिवशी त्याला ती दाखवतात, मग बंदूक.

आता राहिला एक प्रश्न. कागदावर शनिवारी तेरा लाकडी नग जळायचे होते. मग जळलं काय? मच्छी कारखान्याची जुनी खोकी. मोडकी, पण चाळीस वर्षं माशात भिजलेली. बरोबर तेरा. टँकरवर बांधून मीच आणली. कर्नलसाहेब, त्या हिवाळ्यात तुम्ही पाहणीला आला होतात आणि स्नानगृहात बसून विचारलं होतंत, "इथं वाफेला माशाचा वास का येतोय?" आणि ल्यापुनोव साहेबांनी चेहरा न हलवता सांगितलं होतं, "समुद्र जवळ आहे, साहेब." आठवलं?

आठवलं! बघा, कर्नलसाहेब डोळे पुसतायत. आता मला अटक झाली तरी चालेल.

साहेब नुसत्या गाड्या देऊन थांबले नाहीत. टेकाडावर त्यांनी लोखंडी पाटी लावली, तळाच्या रंगानं रंगवलेली, अधिकृत शिक्क्यासकट. पाच वर्षं झाली, वाऱ्यानं तिचा एक कोपरा दुमडलाय, पण अक्षरं स्पष्ट आहेत: 'मालक आहे. परत येईल.' एवढंच. माझ्या आठवीच्या शिक्षणाला पुरेल इतकं. काकू, तुमच्या चार कागदांत मला एवढं चांगलं वाक्य सापडलं नाही. मी शोधलं.

आता नव्या मेजरसाहेबांशी दोन शब्द. तुर्चिन साहेब, काल तुमच्या खोलीत पाणी भरताना टेबलावर नकाशा होता. मी बघितला नाही. तो मला दिसला. उलटा होता, पण टेकाड उलटं धरलं तरी मी ओळखतो. दुसऱ्या धावपट्टीची लाल रेघ बरोबर त्याच्यावरून जाते. तुमचा काही दोष नाही. नकाशात टेकाडावर काहीच काढलेलं नाही. रिकामंच दिसतं. त्या मुलांनाही रिकामंच दिसलं होतं.

मी कोण सांगणार? धावपट्टी कुठं करायची हे पाणीवाल्यानं सांगायचं म्हणजे हेलिकॉप्टरमध्ये बसून रेनडिअर हाकण्यासारखं आहे. मी फक्त एक माहिती देतो. परवा आजींनी हिवाळी गाड्या टेकाडावर लावल्या. या वर्षी तेरा नाहीत. चौदा आहेत.

चौदावी नवीन आहे. प्रोकोपीनं हिवाळाभर बसून केली, खिळा न वापरता. ल्यापुनोव साहेब, ती तुमची. आम्हाला काकूंनी सांगितलं होतं, निरोपाला घड्याळ देऊ. पण आजी म्हणाल्या, "घड्याळ जाणाऱ्याला देतात. हा कुठं चाललाय?" आमच्यात ज्याची गाडी टेकाडावर आहे तो गेला असं कोणी धरत नाही. तुमची बदली दक्षिणेला आहे, तिथं म्हणे आत्ता मे महिन्यात झाडांना पानं आलीत. तिथं केसाळ कोट घेऊन काय करणार? म्हणून तो गाडीवर बांधलाय, आजींनी स्वतः शिवलेला. बूट आहेत. बर्फाला भोक पाडायचं तुमचं गिरमिट आहे, ते तुमच्या शिपायानं आम्हाला गुपचूप दिलं. त्याला ओरडू नका.

आणि त्यात एक थर्मास आहे. काय म्हणालात साहेब? हो, हिरवाच. झाकणावर पोचा असलेला.

त्या दिवशी मोटरसायकलच्या पेटीत होता. मोटरसायकल तुम्हाला परत मिळाली, थर्मास मी ठेवून घेतला. पाच वर्षं टँकरमध्ये त्यातनंच चहा पितोय. तुम्ही दोनदा मला विचारलंत, "यफीम, माझा थर्मास कुठं दिसला का?" आणि मी दोनदा म्हणालो, "समुद्र जवळ आहे, साहेब."

भाषणाच्या शेवटी वक्ते म्हणतात, काही चुकलं असेल तर क्षमा असावी. त्यांचं बहुतेक काही चुकलेलं नसतं. माझं चुकलंय. आजींनी पाच वर्षांपूर्वी बजावलं होतं, हा माणूस जायच्या आत त्याच्या तोंडावर कबूल कर. मी टाळत राहिलो. आज सकाळी बाईंचा घसा बसला तेव्हा आजींनी माझ्याकडे असं बघितलं, की मला शंका आहे, तो घसा आपोआप बसला का? तर साहेब, तुमची गाडी मी नेली. तुम्ही दिसत असताना नेली. मला माफ करा.

...मान हलवली. सगळ्यांनी पाहिलं ना? आजी, तुम्ही पाहिलंत? झालं. आता पाठीला काठी नको.

तर तुर्चिन साहेब, टेकाड मोकळं करायचं ठरलंच, तर आधी एक कागद करावा लागेल. त्यावर लिहावं लागेल की मेजर ल्यापुनोव यांचा कोट बेवारस आढळला. आणि त्यावर सही करावी लागेल कर्नल द्रोझदोव साहेबांना. कर्नलसाहेब, तुम्ही खिशातनं पेन काढलंत. सहीला की नकाशाला? नकाशाला! बघा मंडळी, तुर्चिन साहेब स्वतःच नकाशा घेऊन त्यांच्याकडे चाललेत. रेघ इकडची तिकडे सरकवायला फार पाणी लागत नाही.

माझं संपलं. अध्यक्षांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं, त्यांचा आभारी आहे. काकूंनी चार कागद दिले, मी ते मोठ्यानं वाचले नाहीत, म्हणून त्यांचे आणि माझेही आभार. जवानांचे आभार, पिंपांसाठी. दाराशी उभ्या मित्रांनो, थोडं थांबा. आधी पाहुणे.

ल्यापुनोव साहेब, उद्या विमान उठलं की उजवीकडच्या खिडकीत बसा. टेकाड दिसेल. चौदावी गाडी शेवटी आहे, थोडी वाकडी उभी. सरळ लावली होती, पण आजी म्हणाल्या, "राहू दे वाकडी. तो आल्यावर सरळ करेल."